आमच्या शाळेत वीस मुलं कुठून आणायची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात एका वाडीवर राहते. यंदा दहावी दिली, पास झाले, अकरावीला नाव लागलंय पण वर्ग अजून सुरू व्हायचेत म्हणून सध्या घरीच आहे. सकाळी आईसोबत लावणीला जायचं आणि दुपारी पाऊस फारच कोसळायला लागला की टीव्ही नाहीतर फोन, असं चाललंय. तुमचा पेपर आमच्या हायस्कूलला यायचा, त्यामुळे तुम्ही मला ओळखत नसलात तरी मी तुमचा पेपर तीन वर्षं रोज मोठ्याने वाचलाय. पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर कापा, पण वीस मुलांचा भाग कापू नका एवढी विनंती.

मोठ्याने वाचलाय म्हणजे परिपाठात. आठवी ते दहावी परिपाठात बातम्या वाचायचं काम माझ्याकडे होतं. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झाला की मी पुढे जाऊन 'आजच्या ठळक बातम्या' म्हणायचे, खरंतर त्या कालच्या असायच्या कारण पेपर एसटीने येतो आणि गठ्ठा सुटून आमच्यापर्यंत पोचायला दुपार होते. सरांचा नियम होता की पाच बातम्या वाचायच्या आणि त्यातली एक शाळेची किंवा शिक्षणाची पाहिजेच. चार बातम्या दोन मिनिटात मिळायच्या, पाचव्या बातमीसाठी सगळी पानं उलटायला लागायची, एकेक दिवस मिळायचीच नाही, मग सर म्हणायचे शिष्यवृत्तीची काही माहिती असेल तर ती वाच. हे सगळं मी एका २०० पानी वहीत लिहून ठेवायचे. परवा दहावीची पुस्तकं शेजारच्या मुलाला द्यायला काढली तेव्हा ती वही सापडली आणि मी पडवीत बसून पूर्ण वाचली.

वाचताना असं लक्षात आलं की शाळेच्या बातम्यांना आंब्यासारखा हंगाम असतो. फेब्रुवारी-मार्चला कॉपी, भरारी पथक, मे महिन्यात निकाल, जूनमध्ये शाळेचा पहिला दिवस म्हणजे बैलगाडीतून मिरवणूक, गुलाबाची फुलं, हातात नवीन पुस्तकं. आणि मग थेट पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आम्ही शाळेत जातो की नाही, गेलो तर तिथे काय चालतं, हे कुणाला दिसतच नाही. मध्येच कुठे खिचडीतून विषबाधा झाली किंवा वर्गाचं छप्पर कोसळलं तर तेवढंच. वर्षाचे दोनशेच्या वर दिवस शाळा भरते, त्यातले बातमीत येणारे दिवस हाताच्या बोटावर मोजता येतील.

यंदा मात्र एप्रिलपासून शाळेची बातमी रोज होती, मी परिपाठात असते तर पाचवी बातमी शोधायला लागलीच नसती. १६ एप्रिलला जीआर (सरकारी आदेश) आला की पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची, मग खूप ओरड झाली, मग १७ जूनला सुधारित जीआर आला त्यात सक्ती शब्द गेला आणि 'सर्वसाधारणपणे' हिंदी असेल असं आलं, मग मोर्चा ठरला, आणि मोर्चाच्या आधीच २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही जीआर रद्द करून यावर विचार करायला अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली, आणि ५ जुलैला वरळीला विजयी मेळावा झाला, दोघे ठाकरे बंधू एका स्टेजवर आले. आमच्या घरात सगळ्यांनी तो बघितला, आजी तर ताट बाजूला ठेवून बघत होती.

माझं मत आधीच सांगते म्हणजे गैरसमज नको. पहिलीच्या मुलाला तिसरी भाषा नकोच. मी पाचवीपासून हिंदी शिकले, मला काही अडचण आली नाही, मुंबईला आत्याकडे गेले की बोलते पण. पण सहा वर्षांच्या मुलाला आधी आपल्या भाषेत नीट वाचता येऊदे, ते आलं की बाकीच्या भाषा येतात, हे मी घरात बघितलंय. त्यामुळे जीआर रद्द झाला ते चांगलंच झालं.

पण त्या सुधारित जीआरमध्ये एक अट होती, त्याबद्दल मी तेव्हापासून टीव्हीवर जेवढ्या चर्चा बघितल्या त्यातल्या एकातही कुणी नीट बोललं नाही. अट अशी होती की हिंदीच्या ऐवजी दुसरी भारतीय भाषा शिकायची असेल तर शाळेत त्या इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी ती भाषा मागितली पाहिजे, तरच शिक्षक मिळेल, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल.

वीस. माझा धाकटा भाऊ वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. पहिली ते चौथी मिळून त्या शाळेत नऊ मुलं आहेत. तिसरीत तो आणि अजून एक मुलगी, बस. एका इयत्तेत वीस मुलं जमवायची म्हटली तर आमच्या वाडीला दहा वर्षं लागतील आणि तोपर्यंत पहिला मुलगा कॉलेजला गेलेला असेल. म्हणजे 'पर्याय आहे' असं जे सगळीकडे सांगत होते तो पर्याय आमच्यासारख्या शाळांना कधी लागूच होणार नव्हता. जो जीआरच्या बाजूने बोलत होता त्यालाही हे दिसलं नाही आणि जो विरोधात बोलत होता त्यालाही नाही, कारण दोघांच्या डोक्यात शाळा म्हणजे चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, प्रत्येक वर्गाला एक शिक्षक, प्रत्येक विषयाला एक तास.

आमच्या भावाची शाळा कशी असते ते सांगते, मी पण तिथेच शिकलेय आणि सध्या रोज त्याला साकवापर्यंत (ओढ्यावरच्या छोट्या पुलापर्यंत) सोडायला जाते म्हणून आत डोकावते. एक खोली. एक मोठा फळा, त्यावर बाईंनी खडूने उभ्या रेघा मारून चार भाग केलेत, पहिला भाग पहिलीचा, शेवटचा चौथीचा. बाई चौथीच्या पोरांना भागाकार घालून देतात, मग खाली बसून पहिलीतल्या मुलीचं बोट धरून पाटीवर 'ग' गिरवतात, तेवढ्यात दुसरीतला कुणीतरी विचारतो बाई झालं, मग त्या तिकडे. मोठी मुलं लहानांचं वाचन घेतात, माझा भाऊ पहिलीच्या मुलाला रोज पाच शब्द वाचायला लावतो आणि घरी येऊन सांगतो आज माझ्या विद्यार्थ्याला जोडाक्षर आलं. पावसात छपराच्या एका कोपऱ्यातून गळतं, तिथे पातेलं ठेवलेलं असतं. कागदावर शाळेला दोन शिक्षक आहेत, प्रत्यक्षात दुसरे गुरुजी बऱ्याचदा तालुक्याला, कधी मीटिंग, कधी मतदारयाद्यांचं काम. बाईंना मध्येच ऑनलाइन माहिती भरायला लागते, आज किती मुलं जेवली, किती हजर, त्यासाठी त्या खिडकीत जाऊन उभ्या राहतात कारण रेंज त्या एकाच खिडकीत येते. तमिळ म्हणा की गुजराती म्हणा, ऑनलाइन शिकवणार होते ते त्या खिडकीत शिकवणार होते का, हा माझा साधा प्रश्न आहे.

आणि अशी आमची एकच शाळा आहे असं नाही. २०२३ मध्ये समूह शाळांचा विषय निघाला होता तेव्हा सरकारकडूनच आकडा आला होता, राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा. तो आकडा माझ्या वहीत आहे, मी परिपाठात वाचलेला. तेव्हा असं म्हणत होते की या शाळांमधली मुलं एकत्र करून मोठी समूह शाळा करायची, तोरणमाळ आणि पानशेतचं उदाहरण द्यायचे. मुलांना गाडी देऊ असं पण म्हणत होते. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पऱ्याला (ओढ्याला) हौर म्हणजे पूर आला की माणूस पलीकडे जात नाही, गाडी कुठून येणार. शिक्षण हक्काच्या कायद्यात आमच्या राज्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे असं आहे, ते कुणीतरी विचार करूनच लिहिलं असणार ना. आजी म्हणते तिच्या वेळी या शाळेत साठ मुलं होती, चाकरमानी मुंबईला गेले, मग बायका-मुलांना पण घेऊन गेले, गणपतीला आणि शिमग्याला वाडी भरते तेव्हा शाळेच्या पटांगणात तीस-चाळीस मुलं खेळतात आणि बाई दारात उभ्या राहून बघत असतात.

तेव्हा वीस या आकड्याची गंमत नाही, दुःख आहे. वीसपेक्षा कमी म्हणून शाळा बंद करायचा विषय निघतो आणि वीसपेक्षा कमी म्हणून भाषेचा पर्याय मिळत नाही. दोन्ही वेळेला त्या शाळेतल्या मुलांना, बाईंना, आयांना कुणी जाऊन विचारलेलं मी कुठेही वाचलं नाही. मराठी वाचवायची असं सगळे म्हणतायत, मला पण तेच वाटतं, गेल्या वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा ती बातमी मी परिपाठात वाचली आणि सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या होत्या. पण मराठी शाळा जिथे खरोखर आहे, जिथे मुलांना दुसरं माध्यमच नाही, तिथे एक बाई एका फळ्यावर चार इयत्ता चालवतायत. मराठीची बातमी तिथून का येत नाही?

८ जुलैचं उदाहरण देते. त्या दिवशी मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा होता, मी ज्या ज्या चॅनलवर गेले तिथे तेच, कोणाला पकडलं, कोणाला सोडलं, मंत्री आले तर काय झालं. त्याच दिवशी मुंबईत आझाद मैदानावर विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांचे शिक्षक पावसात बसले होते, अनुदानाचा पुढचा टप्पा द्या म्हणून, ८ आणि ९ तारखेला शाळा बंद ठेवायची हाक होती. आमच्या हायस्कूलचे दोन सर रात्रीच्या गाडीने तिकडे गेलेले म्हणून मला माहीत, नाहीतर कळलं पण नसतं. त्यातले एक सर आम्हाला मराठी शिकवायचे. कित्येक वर्षं अर्ध्यामुर्ध्या पगारावर शिकवतात, सुट्टीत भावाच्या बागेत आंबे उतरवायला जातात, हे आम्हा मुलांना सगळ्यांना माहितीय, आम्ही त्याबद्दल कधी बोलत नाही. मी दुपारभर चॅनल बदलत राहिले, सर कुठे दिसतात का बघायला. नंतर मोठे नेते मैदानात भेटायला गेले तेव्हा कॅमेरे पण गेले, पण तेव्हाही प्रश्न नेत्यांनाच विचारत होते. एकाच दिवशी, एकमेकांपासून जवळच, मराठीसाठी मोर्चा आणि मराठी शिकवणाऱ्यांचं आंदोलन, आणि या दोन्ही बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे असं एकालाही वाटू नये याचं मला खूप वाईट वाटलं. मोर्चा दाखवू नका असं मी म्हणत नाही. सरांना पण दाखवा.

आता परीक्षेबद्दल. आमची दहावी यंदा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, आदल्या वर्षी १ मार्चला होती, म्हणजे आठ-नऊ दिवस लवकर. लवकर निकाल, लवकर प्रवेश, लवकर पुरवणी परीक्षा, कारणं चांगली होती. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभा होती, २० नोव्हेंबरला मतदान. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि लगेच सरांची ट्रेनिंग सुरू झाली, मग मतदान, मग मोजणी. आमचं भूमितीचं त्रिकोणमितीचं प्रकरण नेमकं तेव्हा होतं. सरांनी साइन, कोसाइन, टॅन्जंट एका तासात सांगितलं, म्हणाले आल्यावर उन्नतकोन-अवनतकोन घेऊ, आले तेव्हा पूर्वपरीक्षा तोंडावर होती. आम्ही चौघी मुली मधल्या सुट्टीत बसून ती उदाहरणं सोडवायचो, बांधाच्या कडेच्या माडाची उंची काढायची, दीपगृहावरून होडी किती लांब ते काढायचं, उत्तर जुळलं नाही की मागच्या वर्षीच्या दीदीला फोन. सरांची यात काही चूक नाही, त्यांना ऑर्डर आली की जावंच लागतं. परीक्षा लवकर घ्यायचं जाहीर झालं तेव्हाही बातमी आली आणि निवडणूक जाहीर झाली तेव्हाही बातमी आली, पण या दोन्हीमुळे दहावीच्या मुलांचे शिकवायचे किती दिवस गेले अशी तिसरी बातमी मला कुठे मिळाली नाही. ती बातमी करायला मुंबईला जायला लागत नव्हतं, कुठल्याही शाळेत जाऊन हजेरीपट आणि टाचणवही (शिक्षकांची तासांची वही) बघितली असती तरी झालं असतं.

आणि पहिल्याच पेपरला काय झालं बघा. मराठीचा पेपर, अकरा ते दोन आणि वरची दहा मिनिटं, मला छान गेलेला. बाहेर आले तर काका म्हणाले पेपर फुटला, जालन्यात, टीव्हीवर दाखवतायत, परत घेणार. फोनवर तर मेसेजच मेसेज. माझी मैत्रीण तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. नंतर मंडळाने सांगितलं की पेपर फुटलेला नाही. पण 'फुटला' हे दिवसभर मोठ्या लाल अक्षरात होतं आणि 'फुटला नाही' हे आम्हाला आमच्या बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. ते दोन दिवस पुढच्या पेपरचा अभ्यास कुणाचाच झाला नाही. एवढंच म्हणायचंय की सोळा लाखांच्या आसपास मुलं त्या दिवशी परीक्षा देऊन बाहेर येत असतात, तर 'असा आरोप आहे, मंडळाचं म्हणणं अजून यायचंय' एवढं एक वाक्य त्या लाल अक्षरांच्या खाली लिहायला काय हरकत आहे.

निकालाच्या दिवशी, १३ मेला, दर वर्षीसारखंच. राज्याचा निकाल ९४.१० टक्के, कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांसह पहिला, मुलींची बाजी. कोकण बोर्ड २०१२ साली वेगळं झालं तेव्हापासून आम्हीच पहिले, मला त्याचा अभिमान आहे, अगदी मनापासून. पण जो विभाग दर वर्षी पहिला येतो त्याच विभागात पटाअभावी शाळा बंद पडतायत, या दोन गोष्टी एका बातमीत कधी येत नाहीत. यंदा २११ जणांना १०० टक्के मिळाले, त्यातले ११३ लातूर विभागाचे. त्यांचे फोटो आले, पेढे भरवताना, ते यायलाच पाहिजेत, त्यांनी मेहनत केलीय. दुसऱ्या बाजूला ३५ टक्केवाल्याला खांद्यावर घेऊन नाचतात त्याचे व्हिडिओ. या दोघांच्या मधली जी लाखो मुलं आहेत, पंचावन्न, बासष्ट, सत्तर टक्केवाली, त्यांच्यापुढे दुसऱ्या दिवसापासून खरा प्रश्न असतो की आता काय घ्यायचं, कुठे जायचं, राहायचं कुठे. माझ्या वर्गातली एक मुलगी, ६१ टक्के, आई आजारी म्हणून सकाळी घरचं सगळं करून चार किलोमीटर चालत यायची, एकही चाचणी बुडवली नाही तिने. मुलींची बाजी म्हणजे ती. आता ती घरीच राहणार आहे कारण कॉलेजची एसटी सकाळी सहाला वरच्या फाट्यावरून आहे, पास मुलींना फुकट आहे पण अंधारात पावसात दोन किलोमीटर फाट्यापर्यंत एकटीला पाठवायला वडील तयार नाहीत. कुणीतरी जुलैमध्ये जाऊन बघावं की मे महिन्यात बाजी मारलेल्या मुली आता कुठे आहेत.

अकरावीचं पण सांगते, थोडक्यात. आतापर्यंत ऑनलाइन प्रवेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरता होता, यंदा पहिल्यांदाच अख्ख्या राज्याला. आधी आमच्याकडे दाखला आणि गुणपत्रिका घेऊन गेलं की त्याच दिवशी नाव लागायचं, जागा उरायच्याच. यंदा २१ मेला नोंदणी सुरू व्हायची होती, त्याच दिवशी वेबसाइट बंद पडली, मग २६ मेपासून परत. आमच्या वाडीवर रेंज सड्यावर म्हणजे वरच्या कातळावर येते, तर मी आणि बाबा सड्यावर जाऊन दगडावर बसून फॉर्म भरायचो, शंभर रुपये भरले की पान गोल गोल फिरत राहायचं, पैसे गेले की नाही कळायचं नाही. जास्तीत जास्त दहा कॉलेजांची पसंती द्यायची होती, आमच्या तालुक्यात माझ्या शाखेची मला जाता येतील अशी दोनच. पहिली यादी १० जूनला लागणार होती ती जून संपता संपता लागली. मुंबईच्या कॉलेजांचा कटऑफ किती गेला याच्या बातम्या भरपूर आल्या, तो मला पाठ झाला, पण खेड्यातल्या मुलांनी फॉर्म कुठे बसून भरले हे कुणी छापलं असेल तर माझ्या वाचनात नाही आलं. ऑनलाइनला माझा विरोध नाही, त्यामुळे वशिला चालत नाही असं सर म्हणतात आणि ते मला पटतं. फक्त पुढच्या वर्षी माझ्या मागच्या मुलांना सड्यावर बसायला लागू नये, शाळेतच एक दिवस सगळ्यांचे फॉर्म भरून घेतले तरी पुरे. यंदा एसटीचे पास शाळेत येऊन दिले ना, मग फॉर्म पण होऊ शकतील.

तुम्ही म्हणाल की छोट्या शाळेची बातमी कोण वाचणार. म्हणून एक गोष्ट सांगते. शाळेकडे जाताना जो साकव आहे त्याच्या दोन फळ्या गेल्या पावसाळ्यात तुटल्या. दीड महिना आम्ही सगळ्यांना सांगत होतो. मोठी मुलं आधी पलीकडे जायची आणि लहानांना हात देऊन त्या फटीवरून घ्यायची, खाली पाणी इतकं की दगड दिसत नव्हते. मग तालुक्याच्या एका बातमीदाराला कुणीतरी फोटो पाठवला, जिल्ह्याच्या पानावर खाली कोपऱ्यात तो छापून आला, आमची पहिलीतली मुलगी दप्तर डोक्यावर घेऊन एक पाय पुढे टाकून उभी. चार ओळींची बातमी. आठ दिवसात नव्या फळ्या आल्या. मी ती बातमी परिपाठात वाचली तेव्हा पहिल्यांदाच मला मागून आवाज आला, परत वाच. सगळ्यांना परत ऐकायची होती कारण त्यात आपलं गाव होतं. तो कागद अजून शाळेच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे.

तर मला तुमच्याकडून एवढंच पाहिजे. आठवड्यातून एकदा, कुठलाही साधा दिवस घ्या, म्हणजे निकाल नाही, उद्घाटन नाही, अपघात नाही असा एखादा मंगळवार, आणि एका शाळेत जा. शिक्षक किती आले, कोण कुठल्या कामाला गेलं, किती तास झाले, मुलं काय शिकली, खिचडीत डाळ होती का, संडासला पाणी आहे का, मुलींना विचारा. नवीन निर्णय आला की त्याच्या बाजूचा एक नेता आणि विरोधातला एक नेता यांना बोलवता तसं ज्याच्यावर तो लागू होणार आहे अशी एक शाळा पण बोलवा. डॉ. जाधव यांची समिती आता सगळ्यांशी बोलणार असेल तर तिनेही एका वीसच्या आतल्या शाळेत जाऊन बसावं, तिथल्या बाईंना विचारावं, त्या सगळं सांगतील, त्यांना आजपर्यंत कुणी विचारलं नाहीये.

आणि एक, पावसाच्या सुट्टीचं. रेड अलर्ट असला की जिल्हाधिकारी सुट्टी देतात, ती खरी बातमी आम्हाला बऱ्याचदा मुलं निघून गेल्यावर कळते, आणि त्याच्या आधी रात्री मागच्या वर्षीचं पत्र तारीख खोडून सगळीकडे फिरत असतं. आठवड्यापूर्वी भाऊ असाच घरी राहिला आणि शाळा भरलेली होती, नऊतली एक हजेरी गेली म्हणून बाई साकवापर्यंत चौकशी करत आल्या. तुमच्या वेबसाइटवर फक्त एक ओळ, कुठल्या जिल्ह्यात उद्या शाळा आहे आणि कुठे नाही, रात्रीच कळेल अशी ठेवता आली तर आमच्याकडच्या आया तुमचं नाव घेतील.

भावाच्या शाळेत आता बातम्या वाचायचं काम त्याच्याकडे आलंय, तिसरीत असून. एकच बातमी वाचतो, पण मोठ्याने वाचतो. शाळा सव्वादहाला भरते, साडेदहापर्यंत परिपाठ असतो. तुमच्याकडून कुणी येणार असेल तर देवरुखहून सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरायचं, तिथून डांबरी रस्ता संपेपर्यंत सरळ चालत यायचं, मग पायवाट आहे. पाऊस असला तर साकवाच्या अलीकडे थांबा, मी न्यायला येईन.

आपली,
एक विद्यार्थिनी (अकरावी), ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी
१४ जुलै २०२५

(पत्र छापलंत तर माझं आणि वाडीचं नाव छापू नका, बाईंना त्रास नको.)